पहिली टाळी

१२ मार्च, बुधवार

पुन्हा तेच! श्रीदेवीबाई शाळेतून तडक आमच्या घरी. हेडमास्तरीण बाई, पण पायरीवर बसून पाणी मागितलं तेव्हा चौथीतल्या मुलीसारखी दिसली. म्हणाली, मनपाचा इंजिनियर बघून गेला. तुळईला वाळवी. जूनच्या आत छप्पर बदललं नाही तर खोली बंद. आणि आपल्याला खोली ती एकच! मुलं मग हायवेपलीकडच्या शाळेत. त्या हायवेवर उसाच्या ट्रॉल्या अशा सुटतात, की मी म्हातारा कडेला बराच वेळ उभा राहतो आणि पलीकडं न जाताच घरी येतो.

मी शाळा समितीवरचा 'शिक्षणप्रेमी सदस्य'. म्हणजे चहा प्यायचा, सही करायची. आता प्रेम सिद्ध करायची वेळ आली म्हणायची!

१४ मार्च, शुक्रवार

घोळ असा — सकाळी त्या खोलीत मराठी शाळा, मनपाची. दुपारी त्याच खोलीत कन्नड शाळा, जिल्हा परिषदेची. गाव शहराच्या हद्दीत आलं तेव्हा कुणीतरी वाटणी अर्धी सोडून चहाला गेलं, ते परत आलंच नाही. मनपा म्हणते, इमारत झेडपीची. झेडपी म्हणते, जागा मनपाची. छप्पर मधल्या मधे लोंबकळतंय.

लहानपणी त्या खोलीत मी सकाळचा. आमची सुंदरम्मा दुपारची, कन्नडची. तेव्हा ओळख कुठली! खिडकीच्या खाचेत दुपारच्या मुली चिंचोके लपवायच्या, सकाळी आम्ही पळवायचो. लग्नानंतर एकदा सहज बोलून गेलो. झालं! अजून आमटीत मीठ जास्त पडलं की म्हणते, "चिंचोकेचोराला चालतंय की."

आजही ती शेजारच्या सिद्धेश्वरीला — दुसरीतलं पोर — दुपारी बोट धरून शाळेत सोडते. मी ओट्यावर आडवा. थोड्या वेळात खोलीतून कन्नड आकडे येतात, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... अंगाई कशाला हवी!

२६ मार्च, बुधवार

मनपात गेलो. इंजिनियर उदयसिंह साहेब गोड माणूस. "आजोबा, आम्ही तयार आहोत. झेडपीनं अर्धं द्यावं."

झेडपीत गेलो. शिक्षण विभागाचे कुंडलिक साहेब त्याहून गोड. "आमची ना कुठाय? मनपानं यावं की आमच्याकडं."

परत मनपा. "आम्ही का जायचं? त्यांना पाय नाहीत का?"

पार्क चौकात उसाचा रस पिऊन घरी. सुंदरम्मा भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "लग्नात दोनी व्याही रुसले तर काय करतेत ओ? तिसऱ्याच्या घरी जेवायला बोलवतेत. शाळेत बोलवा दोघास्नी. शेंगापोळ्या मी करते."

शिक्षणप्रेमी मी आणि डोकं हिचं!

३ एप्रिल, गुरुवार

दोघंही येणार! सरकारी कागदापेक्षा शेंगापोळी लवकर पोचते.

१० एप्रिल, गुरुवार

नव्या छपरासाठी कविता लिहायला घेतली. आमच्या वेळी कविता सुरू झाली की अख्खा वर्ग डोलायचा. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पाटीवर पडायचे, आणि डोलताना आपणच त्या उन्हाला हलवतोय असं वाटायचं. खरं सांगायचं तर भोकं जाणार याचं मला जरा वाईटच वाटतंय. हे सुंदरम्मापुढं मोठ्यानं बोललो.

"मग पावसात जाऊन बसा तितं. छत्री नेऊ नगा."

दोन ओळी झाल्या —

छप्पर नवे, वरती पाखरू नवे,
आभाळ तेवढे जुनेच हवे.

तिसरी अडली.

२४ एप्रिल, गुरुवार

काय दिवस!

दोघं साहेब मुलांच्या बाकांवर. गुडघे हनुवटीला टेकलेले. आधी तासभर तुमचं-आमचं. उदयसिंह साहेब वैतागून म्हणाले, "असं करू, सकाळचं छप्पर आमचं, दुपारचं तुमचं." मी म्हटलं, "आणि रात्रीचं वटवाघळांचं!" कुणी हसलं नाही. सुंदरम्मानं पोळीवर तूप वाढता वाढता डोळे वटारले.

मग वरून वाळवीचा भुगा सुटला, तो थेट कुंडलिक साहेबांच्या तुपात! साहेबांनी वर बघितलं. बाक मागं घेतला. त्यानंतर गाडी अशी पळाली — अर्धं तुम्ही, अर्धं आम्ही, जूनच्या आत काम पुरं!

आणि त्याच गडबडीत मला तिसरी ओळ सुचली —

खाचेत दुपारचे चिंचोके हवे!

कुंडलिक साहेब पुढचे मुद्दे वाचत होते. 'दुपार', 'पट', 'समायोजन' असलं काहीबाही. मी ओळ मनात घट्ट धरून बसलेलो, निसटली तर? वाचन थांबलं आणि पहिली टाळी मी दिली! मग इतरांनी. कन्नडचे रेवणसिद्ध गुरुजी तेवढे खाली मान घालून होते. त्यांना पोळी आवडली नसावी.

सुंदरम्मा डबे गोळा करून माझ्या आधीच घरी गेली. दमली बिचारी.

८ मे, गुरुवार

पत्रे आले! शिडी मनपाची, स्क्रू झेडपीचे. वरचा खालच्याला हाक मारतो, खालचा वर फेकतो. बघत बसलो. डोक्यावर ओला टॉवेल होता, म्हणून वाचलो.

काल आमटी खारट झाली, तरी सुंदरम्माच्या तोंडी चिंचोक्यांचं नाव नाही. ऊनच तसं पडलंय.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. नारळ दोन — एक मनपाचा, एक झेडपीचा. दोघं साहेब खांद्यावर हात टाकून फोटोला उभे. माझी कविता झाली. पहिलीतली पोरं डोलली! डोळे भरून आले.

"तू का नाही आलीस गं?" विचारलं.

"ज्वारी निवडायची हुती."

दुपारी ओट्यावर आडवा झालो. ओंदु-एरडु काही ऐकू येईना. नवे पत्रे जाड असतील. आवाज अडत असेल.

१७ जून, मंगळवार

आजही ऐकू येईना. उठून शाळेत गेलो. खोलीला कुलूप. श्रीदेवीबाई चपला घालत होती.

"कन्नडची मुलं कुठायत?"

"आजोबा, तुम्हाला म्हाईत हाय की. दुपारचा पट कमी. वर्ग हायवेपलीकडच्या शाळेत गेला. त्याच अटीवर झेडपीनं अर्धं दिलं." मग दुसरी चप्पल घालत, "तुमच्या समोरच वाचलं. पहिली टाळी तुमचीच हुती."

घरी आलो. सुंदरम्मा नव्हती. कधीची गेली होती कोण जाणे. आली ती चपला हातात, पातळाचा काठ मातीनं भरलेला. सिद्धेश्वरीला हायवे ओलांडून सोडून आली होती. कालही गेली होती म्हणे. पाणी दिलं. प्यायली नाही.

१८ जून, बुधवार

चहा ठेवताना एवढंच म्हणाली, "आधी चिंचोके नेलंसा. आता खोली."

पहिल्या बसनं निघालोय. आधी झेडपी, मग मनपा. टाळी परत घेता येते का, विचारतो. कवितेची तिसरी ओळ तेवढी बरोबर घेतली आहे.