पाटावरचा उंबरा

रविवार, १७ जानेवारी १९७१
श्रीगोंदा

डोकं नुसतं भणभणतंय. दोन रविवार घालवून मागच्या बागेतल्या पाटावर लाकडी पूल केला, तो कुणासाठी? आईसाठीच ना? पूजेची फुलं तोडायला जाताना तिचा पाय चिखलात घसरतो म्हणून. कडेला दोन आंब्याच्या फळ्या आणि मधे आमच्याच दाराचा जुना सागवानी उंबरा. दार रुंद केलं तेव्हा काढलेला. एवढं चांगलं लाकूड चुलीत घालायचं का?

दाराची खिटी बसायची ते भोक आईला दिसलं आणि तिनं पाय मागे घेतला. "उंबऱ्यावर पाय देऊ व्हय रं? तुज्या बापानं कदी दिला न्हाई."

अगं, आता ती फळी आहे, रंधा मारलाय मी तिला! ओरडून सांगितलं. तर ही लुगडं वर खोचून पुलाच्या अगदी कडेनं चिखलातून गेली! बायको म्हणते, "त्यांचं बरोबर हाय." वा! एरवी दोघींचं मिठावरूनसुद्धा जमत नाही.

ते भोक आधीच बुजवायला हवं होतं. पण बुजवून तरी काय? आईनं लाकूडच ओळखलं असतं.

संध्याकाळी तणतणत एकटाच गेलो. म्हटलं, मी चालून दाखवतो. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं. पाय फाकवून, कडेच्या दोन फळ्यांवरून बदकासारखा चालत आलो होतो. मधल्या फळीला माझी चप्पल लागलीच नव्हती.