मिनिटाला चाळीस

३ मार्च
गुडघा नवा बसवून आठ आठवडे झाले. काठी सुटत नाही म्हणून आजपासून पाण्यातले व्यायाम. छातीपर्यंत पाणी, तेही कोमट. फिजिओबाईंनी काठावर एक डबी ठेवलीय, ती टकटक करते. एका टकीला एक पाऊल. मिनिटाला चाळीस. मी तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली. संचलनाचा वेग एकशेवीस असतो, हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, पाण्यात नसतो.
संकल्प: १५ एप्रिलला शाळेत मानवंदना घ्यायची आहे. फाटकापासून व्यासपीठापर्यंत पन्नास पावलं. काठीशिवाय.

५ मार्च
स्वतःच्या तालावर चाललो. पाणी फार उसळलं. पुढे गेलो नाही, पण जागच्या जागी वेग उत्तम होता.

१० मार्च
शेजारी एक आजी असतात. पक्षाघातानंतर डावा पाय ओढतात. डबीच्या तालावर आठ फेऱ्या मारल्या. माझ्या साडेतीन. त्यांच्या बाजूचं पाणी पातळ असावं.

११ मार्च, दुपार
गुडघ्याचा भोपळा झालाय. बायकोला सांगितलं, स्नायू भरतायत. ती बर्फाची पिशवी घेऊन आली. फिजिओबाईंना फोनही तिनेच केला. फितुरी. आठवडाभर पाणी बंद.

१८ मार्च
बाईंनी विचारलं, "सर, पन्नास पावलं चालायची आहेत, की जागच्या जागी कवायत करायची आहे?"
पाण्यात उतरलो. डबी चालूच होती, म्हणून ऐकू आली. टाच, मग चवडा, मग पुढची टक. पाणी आपणहून वाट देत गेलं. सहा फेऱ्या. दुखलं नाही. योगायोग.

२ एप्रिल
अकरा फेऱ्या. संथ चाल ही मुळात माझीच पद्धत. मुलांना आधी तीच शिकवायचो. बाईंना तसं सांगितलं. हो म्हणाल्या. आजींना मध्येच ठसका लागला.

१५ एप्रिल, संध्याकाळ
फाटकात काठी बायकोच्या हातात दिली. बँड सुरू झाला, एकशेवीसनं. मी चाळीसनं निघालो. दहाव्या पावलाला मोह झाला. वेग वाढवला, भेलकांडलो, सावरलो. पुन्हा चाळीस. सत्तावीस झाली तेव्हा धून संपली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवली. सगळी शाळा ताठ उभी. मग मांडी थरथरायला लागली. मुख्याध्यापकांनी व्यासपीठावरची खुर्चीच मैदानात आणवली. मानवंदना बसून घेतली. व्यासपीठ फार लांब बांधलंय, असं त्यांना लेखी कळवणार आहे.
घरी येताना बायकोनं काठी परत हातात दिली. मग म्हणाली, "चौतीस झाली. मी मोजत होते."
पस्तीस होती.