खंडेनवमीला पुजलेला चेंडू

साहेब,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेले आम्हीही आता एकेक करून निघालो आहोत. म्हणून लिहायला बसलो. तुमच्या मरणाला मी कारण झालो की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, कंपनीने कागदावर तेच लिहिलं, आणि मी गप्प बसलो.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात तुम्ही फोरमन म्हणून आलात ते स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी. गोरे सगळे गेले आणि हा एक मागे कसा राहिला, असं आम्ही आपसात म्हणायचो. पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘इंग्लिश साहेब’ म्हणालं, तर तुम्ही लेथ बंद करायला लावून सगळ्यांना ऐकवलंत, “इंग्लिश नहीं. स्कॉटिश.” फरक कुणालाच कळला नाही, पण पुन्हा कुणाची हिंमत झाली नाही. मी तेव्हा पंचविशीतला टर्नर, बुवापाड्यात नुकताच संसार मांडलेला, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. मायक्रोमीटर किती हलक्या हाताने फिरवायचा हे तुम्ही माझी बोटं धरून शिकवलंत. एकदा मी अंदाजाने माप ठोकून दिलं, तेव्हा तो तुकडा भंगारात भिरकावून म्हणालात, “मालूम नहीं तो पूछो.” तुम्ही स्वतःही तसेच होता. माहीत नसलं की विचारायचात, आणि जाणता माणूस सांगेल ते निमूट पाळायचात.

तुम्ही देशाकडून रग्बी खेळला होतात, हे केबिनमधल्या फोटोमुळे कळलं. गिरणीच्या गावात आठवडाभर लेथवर काम, शनिवारी गावाच्या संघात खेळ, आणि मग एक दिवस स्कॉटलंडकडून बोलावणं. देशाने दिलेली मखमली टोपी तुम्ही दाखवलीत तेव्हा तिचं गोंड्याचं टोक आम्ही सगळ्यांनी बोटाने उडवून पाहिलं. फाळणीनंतर वसलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातला सिंधी फिटर म्हणाला, “साईं, इतना बड़ा आदमी खेलने के लिए टोपी लेता है?” तुम्ही खो खो हसलात. चेंडू रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा, वेळ पडली तर त्याच्यावर अंग टाकायचं, हे टेबलावरचा डबा घेऊन समजावलंत. खेळ का सोडला, असं विचारलं की मात्र गुडघ्यावर थाप मारायचात. तुम्ही थोडं लंगडायचात, त्यामुळे आम्हाला ते पटलं होतं.

खंडेनवमीला टूलरूमची पूजा माझ्याकडे असायची. यंत्रं पुसून झेंडूची माळ, हत्यारं पाटावर, हळदकुंकू, नारळ. त्या वर्षी मला वाटलं, साहेबांचं खरं हत्यार तर त्यांच्या कपाटात पडलंय. न विचारता मी तिथला तुमचा रग्बीचा चामड्याचा लांबट चेंडू काढला, पुसला, मायक्रोमीटरच्या शेजारी मांडला आणि त्याच्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली. नारळ फोडायला तुम्ही आलात, बूट काढलेत, आणि पाटाकडे बघून तुमचा चेहरा पांढरा पडला. नारळ फोडलात, प्रसादही घेतलात. मग मला आत बोलावून दार लावलंत आणि सांगितलंत. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या तुमच्या शेवटच्या सामन्यात हाच चेंडू होता. समोरच्या संघातलं एक कोवळं पोर तुमच्या अंगाखाली आलं, त्याची मान मोडली, आणि ते पुन्हा कधी उठून बसलं नाही. खेळ सोडण्याचं कारण गुडघा नव्हताच. “अब क्या करूँ?” तुम्ही विचारलंत. “धो डालूँ?”

मी म्हणालो, “नहीं साहेब. पूजा किया तो दूसरे दिन हाथ में लेना पड़ता है. नहीं तो पूजा फुकट.”

असा नियम नाही, साहेब. माझ्या वडिलांचा मोडका रंधा दरवर्षी कुंकू लावून परत फळीवर जायचा. तो नियम मी तिथे, तुमच्यासमोर उभ्या उभ्या तयार केला. आणि तुम्ही मान हलवून म्हणालात, “ठीक है. कल.”

दसऱ्याची सुट्टी. क्वार्टर्समागच्या मैदानात सकाळी आम्ही दहा-बारा जण. तुम्ही आम्हाला खांद्याला खांदा लावून वाकवता, ढकलायला लावता. फिटर ओरडतो, “अरे साईं, ये तो कुश्ती है!” मग चेंडू तुमच्या काखेत येतो आणि तुम्ही सुटता. पन्नाशीचा, जाड, लंगडणारा माणूस, पण त्या वीस-पंचवीस पावलांत लंगडणं कुठे गेलं कोण जाणे. एकाला हुलकावणी, दुसऱ्याला खांदा, मी पाय धरायला झेपावतो आणि तोंडात माती. रेषेपलीकडे तुम्ही चेंडूवर अंग टाकता आणि तसेच पडून राहता. आम्ही टाळ्या वाजवतो. खेळात असंच करायचं असतं, असं आम्हाला वाटतं. आम्ही खूप वेळ टाळ्या वाजवतो. अजून कुठे सत्कारसमारंभात टाळ्या सुरू झाल्या की मी हात मांडीखाली घेतो. बायको म्हणते, विचित्र आहात.

तुमच्या मागे विलायतेला परत जायचं सामान बांधताना तुमच्या मेमसाहेबांनी मला बोलावून विचारलं, इतकी वर्षं चेंडूला हात लावला नाही, मग त्याच दिवशी का? मी म्हणालो, “मालूम नहीं, मेमसाब.” त्या पुन्हा सामानाकडे वळल्या. त्यांचा विलायतेतला पत्ता मी मागितलाच नाही. त्यामुळे हे लिहिलेलं पाठवायला आता कुणीच नाही.

तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी खोटं बोललो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. दार लावून तुम्ही रडवेले होऊन बोलत होतात, तेव्हा मी त्या पोराचा विचार करत नव्हतो, तुमचाही नाही. मला फक्त तुम्हाला धावताना बघायचं होतं. ते मी पाहिलं, आणि ते आठवलं की मला अजून आनंद होतो.