पहाटे पाचचे मामा

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे प्रकृतीपुरते ठीक आहेत. तुमचा गुडघा कसा आहे हे विचारायला फोन केला होता, तुम्ही उचलला नाही. मग मामींना केला. त्यांनी तुम्ही घरात नसल्याचं सांगितलं, आणि ते सांगत असताना मागे तुम्ही खोकलात. (खोकला कोरडा वाटला. वाफ घेत जा.) त्यावरून तुम्ही रागावला आहात असा अंदाज बांधून हे पत्र लिहायला घेतलं. पत्र निदान मध्येच बंद करता येत नाही. फाडता येतं, पण तुम्ही कागद फुकट घालवणाऱ्यांतले नाही.

मावशीने तुम्हाला जे सांगितलं ते खरं आहे, पण अपुरं आहे. त्या रविवारी तुम्ही आमच्या फाटकाशी उभे होतात तेव्हा आई, ही आणि मी असे तिघे हॉलमध्ये चहा पीत तुम्हाला टीव्हीवर बघत होतो, हे बरोबर. आम्ही हसत होतो, हेही बरोबर. (आई हसत नव्हती.) मात्र आम्ही हसत होतो ते पहाटे पाच वाजता आलेल्या मामांना, संध्याकाळी पाच वाजता आलेल्या मामांबद्दल आमच्या मनात पूर्वीइतकाच आदर होता आणि आहे. हा फरक मावशीने सांगितला नसावा, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

अंगणातल्या नळाची पितळी तोटी चोरीला गेली तेव्हापासून मी कॅमेऱ्याच्या मागे लागलो होतो. (आता तिथे प्लास्टिकची तोटी आहे आणि तिच्यावर चोवीस तास पहारा आहे.) कॅमेरा फाटकाच्या खांबावर बसवायचा ठरला. खांबावर वीज होती ती फक्त घंटीच्या बटणापाशी, तेव्हा कॅमेरावाल्याने घंटी काढू का असं विचारलं. मी म्हटलं, काढा. आलेला माणूस आम्हाला दिसणारच असेल तर त्याने वाजवत कशाला बसायचं? हा विचार त्या वेळी मला फार पुढारलेला वाटला. शेवटी त्याने वेळ विचारली, मी पाच दहा सांगितली, त्याने पाच दहा भरली. मी वेळ बरोबर सांगितली आणि त्याने बरोबर भरली, एवढंच की मी संध्याकाळची सांगितली आणि त्याने पहाटेची भरली. यात दोघांपैकी कुणाला दोष द्यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तो रविवार. आईने किती दिवस तुमचा धोशा लावला होता म्हणून मी तुम्हाला ‘पाच वाजता या’ असा निरोप धाडला. तुमची वाट बघता बघता मी या दोघींना टीव्हीवर कॅमेऱ्याची करामत दाखवत बसलो. मोबाइल टीव्हीला जोडला की चित्र दिसतं, आणि फोन आला की चित्र जातं, म्हणून मी येणारे फोनच अडवून ठेवले होते. (तुमचे सात फोन मला नंतर सापडले. सगळे सुरक्षित आहेत.) आधी आदल्या दिवशीचं दूधवाल्याचं चित्रण दाखवलं, मग रस्त्यावरच्या एका कुत्र्याचं, मग काहीतरी दाबलं आणि तुम्ही आलात. कोपऱ्यात वेळ होती पहाटे पाच वाजून चार मिनिटं. माझ्या लगेच ध्यानात आलं की निरोपात मी नुसतं पाच म्हटलं होतं, आणि तुम्ही वक्तशीर माणूस, पहाटेच येऊन गेलात. ही म्हणाली, बिचारे अंधारात आले असतील.

आई म्हणाली, “अरे, तो बाहेर उभा आहे. फाटक उघड.”

मी तिला शांतपणे समजावलं की हे होऊन गेलेलं आहे, आपण ते आता बघतोय. तर म्हणाली, “मग पहाटे पाचला त्याच्या टकलावर ऊन कुठून आलं?” मी सांगितलं की या कॅमेऱ्याला अंधारातलंही लख्ख दिसतं, तसं खोक्यावर छापलंय. त्यावर आईने कप खाली ठेवला. तिला पटलं असा माझा समज झाला.

तुम्ही हातातली रोपाची कुंडी खाली ठेवलीत, कॅमेऱ्याकडे बघून छत्री हलवलीत आणि बराच वेळ बोललात. टीव्हीवर आवाज येत नव्हता, पण ओठांवरून माझं नाव अनेकदा आल्याचं कळत होतं. नावाच्या मागेपुढे काय होतं ते मी ताणून धरत नाही. मग तुम्ही कुंडी उचललीत आणि गेलात. आई उठून एकटीच फाटकापर्यंत गेली. तिच्या चालीने तिला वेळ लागला. परत आली ती बोट पुढे करून, आणि म्हणाली, “कुंडी ठेवली तिथली माती ओली आहे.” त्यानंतर आजतागायत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. जेवायला वाढलं की हिच्याशी बोलते, मीठ हवं असेल तर हिच्याकडे मागते, आणि मीठ माझ्यासमोर असतं.

तेव्हा मी कॅमेऱ्याची वेळ दुरुस्त करायचं मनावर घेतलं. कॅमेरावाला रोज ‘उद्या येतो’ म्हणत होता, म्हणून स्वतःच. पहिली अडचण अशी की बरोबर वेळ आणायची कुठून? आमच्या हॉलमधलं घड्याळ मला ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून दहा मिनिटं पुढे आहे. ते पुढे आहे हे मला ठाऊक झाल्यावर हिने ते आणखी दहा मिनिटं पुढे केलं, आणि ते मला ठाऊक नव्हतं. (मी महिनाभर ऑफिसात पहिला पोचत होतो आणि साहेब माझ्याकडे संशयाने बघत होते.) स्वयंपाकघरातलं घड्याळ कुकरच्या वाफेने मागे पडतं. आईचं घड्याळ तिच्या गोळ्यांनुसार चालतं, त्यात हात घालायचा नाही. असो. मी सेटिंगमध्ये शिरलो, दोन-तीन गोष्टी दाबल्या, आणि वेळ होती तिथेच राहून भाषा बदलली. तेव्हापासून फाटकाजवळ कुणी आलं की खांबातून एक बाई कुठल्यातरी परमुलखातल्या भाषेत दरडावते. पेपरवाला आता कोपऱ्यावरूनच पेपर भिरकावतो.

मग मी वेगळा उपाय केला. कॅमेऱ्याला वेळ सांगता येत नसेल तर दाखवता येईल, असा विचार करून हॉलमधलं घड्याळ काढून कॅमेऱ्यासमोरच्या भिंतीवर टांगलं. आता चित्राच्या कोपऱ्यात चुकीची वेळ आणि चित्राच्या आत बरोबर वेळ (वजा वीस मिनिटं) अशी पक्की व्यवस्था झाली. पण जाणारे-येणारे तेच घड्याळ बघू लागले. शेजारच्या बाई शाळेत शिक्षिका आहेत. त्या धापा टाकत शाळेत पोचल्या तेव्हा शिपायाने कुलूपही काढलं नव्हतं. संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि काही वेळ बोलल्या. मी घड्याळ उतरवलं.

अखेर काल कॅमेरावाला उगवला. त्याने एक बटण दाबून पहाटेची संध्याकाळ केली, दुसरं दाबून त्या बाईला गप्प केलं आणि समोरचा चहा गार व्हायच्या आत निघून गेला. थोडक्यात, दोष तुमचाही नव्हता आणि आमचाही नव्हता, यंत्राचा होता, आणि तो दूर झाला. आता रागावण्यासारखं काही उरलंय असं मला वाटत नाही. मामींना नमस्कार सांगा आणि वाफेचं विसरू नका.

तुमचा भाचा

ता. क. : तुम्ही सगळ्या नातेवाइकांत आम्ही तुम्हाला दीड तास ताटकळत ठेवलं असं सांगताय, असं कानावर आलं. कॅमेऱ्याचं घड्याळ पहाटेवर असलं तरी मिनिटं बरोबर मोजत होतं. तुम्ही येण्यापासून जाण्यापर्यंत अकरा मिनिटं भरतात. हे चित्रण माझ्यापाशी आहे आणि ते मावशीला पाठवायचा माझा आज तरी विचार नाही. येत्या रविवारी तुम्ही आलात तर हा विषयच निघणार नाही.

ता. क. दोन : वरची ता. क. हिने वाचली आणि खोडायला सांगितली. मी लिहिलेलं खोडत नाही, म्हणून पुढे लिहितो. हिने मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. आई रोज दुपारी तिच्याकडून तेच चित्रण लावून घेते आणि सगळं बघते. काल बघून झाल्यावर हिला म्हणाली, “बस यायला उशीर झाला तर चालत सुटणारा माणूस हा. जन्मात कुणासाठी दोन मिनिटं थांबला नाही. माझ्यासाठी अकरा मिनिटं उन्हात उभा राहिला, आणि मी आत चहा पीत बसले.” मामा, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. अकरा मिनिटांचं मी मागे घेतो. कुणी विचारलंच तर मीही दीड तासच सांगेन. रविवारी या. मी चारपासून फाटकाशी उभा राहतो. तुम्ही हवं तर मुद्दाम उशिरा या.