पेटी चालू हाये, मले येता येत नाही

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार
हे गेले आज खामगावले. दिवाळी झाली, कापसाच्या जिनिंगचा शिझन सुरू झाला, आता तथल्याच हापिसात बसतीन. घरात मी, सोपान अन् आत्याबाई. सोपान म्हंजे माहं लेकरू, तिसरा महिना सरून राह्यला. आत्याबाई म्हंजे सासू.

ही डायरी ह्याईनंच देली, खताच्या दुकानातली. म्हने लिहीत जाय, नाही तं सातवीलोक शिकली ते बी इसरशीन. लिहितो. कोन वाचते?

जाताना कॉम्प्युटर चालूच राह्यला. हे त्याच्यावर लग्नपत्रिका बनवतेत. एसटीची घाई, दारातूनच म्हने ते रीस्टार्ट मांगून राह्यलं, करून टाक अन् मंग बंद कर. मी हाव म्हनली.

ठरवलं: परवा बुधवार, उपकेंद्रात लेकरायच्या लसीचा, डोसाचा दिवस. सोपानचा दुसरा डोस मागच्या महिन्यातच राह्यला. मी एकलीच घेऊन जाईन. आत्याबाईची बी गरज नाही.

१३ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार
बंद करायले बसली. स्क्रीनवर मंधात एक चौकट येते, दोन बटनं. पहिलं दाबलं की बंद होऊन पुन्हा चालू होते. दुसरं म्हंजे नंतर. हे ह्याईनं दाखवलं होतं.

पहिल्यावर बोट नेलं अन् मामाजीची, म्हंजे सासऱ्याची, मोटर आठवली. विहिरीवरची. हंगामभर बिनघोर चालली. एक दिवस मामाजीनं तेलपानी कराले बंद केली, पुन्हा चालू केली तं भपकन कॉइल जळली. चालू होती तवर काई झालं नव्हतं. सारं बिघडते ते चालू-बंद करताना, हे कॉम्प्युटरच्या पेटीलेबी लागू हायेच ना? अंदर लोकायच्या पत्रिका हायेत.

दुसरं बटन दाबलं. चौकट गेली. उगीच हे टेन्शन घेतेत.

१४ नोव्हेंबर, बुधवार
नाही गेली. कारन हाये.

ते चौकट जाते अन् थोड्या टायमानं पुन्हा येते. खाली आकडे पळतेत उलटे. कोनी दुसरं बटन दाबलं नाही तं पेटी आपल्या मनानंच बंद होईन. रातीबी उठून उठून दाबतो. मंग उपकेंद्रात बसून मी काय करू?

उपकेंद्रातल्या शालू सिस्टरनं शेजारच्या केसरबाईच्या हाती निरोप धाडला, लेकरू आनलं नाही काऊन. मी सांगतलं, पेटी चालू हाये, मले येता येत नाही. खोटं काईच नाही याच्यात.

पहिल्या डोसाच्या दिवशी सोपानचं अंग तव्यावानी तापलं होतं. रडून रडून आवाज बसला त्याचा. ते मले आठवते, पन त्याचा अन् आज न जायाचा संबंध नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार
लोडशेडिंग वाढलं. इन्व्हर्टर हाये, पन बॅटरी जुनी. सारं चाललं तं पेटी टिकत नाही. म्हनून पंखा बंद, बलब बंद, टीव्ही बंद. फक्त पेटी.

आत्याबाईची मालिका बुडाली. आंधारात भाजीत मीठ दोनदा पडलं. पानी पेता पेता आत्याबाई म्हने, काय वं कोकिळे, मानसं आंधारात अन् डबड्याले लाईन? माह्या सहद्यानं बायको आनली का डबड्याची चौकीदारीन?

मी म्हनली, आत्याबाई, चालू वस्तू बंद करू नाही.

त्या म्हने, म्हनूनच तुहं तोंड बी बंद होत नाही.

मनावर घेतलं नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार
आज चौकशी केली, लोकं कॉम्प्युटर किती दिवस चालू ठेवतेत. माणिकराव गुरुजीच्या घरी हाये, त्याच्यावर क्रोशाचं झाकन. दसऱ्याले हळदकुंकू लावतेत अन् पुन्हा झाकतेत. ते काई उदाहरन नाही.

केसरबाईचा जावई पुन्याले असते. तिनं सांगतलं, आमच्या जवायाचा कधीच बंद नसते बाई. ऑफिसात जाते तरी चालू, झोपते तरी चालू, गावी आला तरी तिकडं चालू. पोरगी माही सांगे, लग्नात चालू केला तो अजून तसाच हाये.

पाहा. शिकलेली लोकं बी बंद नाही करत. ह्याईले हे माहीत नसन.

आत्याबाई मधातच म्हने, तुहा जवाई लेकराचे डोस बी देत नाही का? केसरबाई म्हने, नाही वं, ते तं सारे टायमावर देले.

तो विषय नव्हता.

येत्या बुधवारी जातोच. पक्कं.

२१ नोव्हेंबर, बुधवार. ११ वाजता
सकाळपासून माह्या नाकात सर्दी. आईले सर्दी असली तं लेकराले सुई देत नसतेत. असं मले वाटते.

२१ नोव्हेंबर. संध्याकाळ
शालू सिस्टर दारात आली. आवाज असा की वाण्याच्या दुकानावर ऐकू जाते. म्हने, कोठं हाये ते पेटी, दाखव मले. दाखवली. चौकट आलीच होती, मी दुसरं बटन दाबलं. सिस्टर पाहत राह्यली. म्हने, हे मांगते काय? मी म्हनली, बंद करून चालू करा म्हनते. सिस्टर म्हने, मंग कर ना वं! तुह्याच भल्याचं सांगत असन.

मंग खांद्यावरची लसीची पेटी खाली ठेवली. म्हने, हे माही पेटी. याच्यातला बर्फ वितळला तं सारी लस वाया. तरी हे घेऊन मी तीन गावं हिंडतो. तू तुहं डबडं सोडून चार घरं चालू शकत नाही?

मी म्हनली, ते वेगळं असते सिस्टर.

तिनं हळू सांगतलं मंग. भाऊरावच्या नातीले डांग्या खोकला झाला. आपल्याच गल्लीत. पोरीचा डोस राह्यला होता. सोपानचा बी राह्यला हाये.

सुई आत्ताच काढतो म्हने, हाय तथीच बस. मी सोपानले घेऊन न्हानीत गेली, कडी लावली. लेकराचं ढुंगन धुवाचं होतं. खरंच धुवाचं होतं. बाहेर आली तवा सिस्टर गेली होती, तिले पुढच्या गावची गाडी पकडाची होती.

२४ नोव्हेंबर, शनिवार
भाऊरावच्या नातीचा खोकला इथलोक ऐकू येते. खोकते, खोकते, अन् मंग दम ओढते तवा हूप असा आवाज. मंग काईच नाही. मंग पुन्हा.

सगळ्या खिडक्या लावल्या. खोकला आत नको याले.

खिडक्या लावल्या तं पेटी तापली. टेबलफॅन तिच्याकडं केला. सोपानच्या अंगावर घामोळ्या आल्या. आत्याबाईनं फॅन फिरवून लेकराकडं केला. मी पुन्हा पेटीकडं केला. त्याईनं पुन्हा लेकराकडं. मंग त्याईनं फॅनची पिनच काढली, पदराखाली धरून बसल्या.

पेटीची घरघर वाढली हे बरंच झालं. तेवढा खोकला कमी ऐकू येते.

२७ नोव्हेंबर, मंगळवार
ह्याईचा फोन आला. पयला प्रश्न, बंद केलं का? मी म्हनली, करूनच राह्यली. ते म्हने, दोन हप्ते झाले, अजून करूनच राह्यली? मोटरची गोष्ट सांगतली. हासले. म्हने, मोटर वेगळी, हे वेगळं, येडी हायेस का? बंद-चालू केल्यानं ते ताजंतवानं होते.

ह्याईनं विहिरीवरची मोटर कधी चालवली होती? कागदाचे मानूस.

मंग म्हने, सोपानचा डोस झाला ना?

लाईनीत खरखर होती. मी हॅलो हॅलो म्हनून ठेवून देला. खरखर होती थोडी.

२८ नोव्हेंबर, बुधवार
आज गेली. म्हंजे निघाली.

सकाळीच आंग धुतलं, नवं लुगडं नेसली. सोपानले टोपडं, काजळाची तीट. आत्याबाईले सांगतलं, तुमी बसा पेटीजवळ, चौकट आली की दुसरं बटन दाबा. त्या म्हने, मी त्याच्यावर पोळपाट ठेवीन.

फाटकालोक गेली. सोपान हासून राह्यला होता माह्याकडं पाहून. त्याले काईच माहीत नाही कोठं चालला. मी फाटकातच थांबली. पेटीची काळजी वाटली म्हनून थांबली. आत्याबाई खरंच पोळपाट ठेवतीन, त्याईचा भरवसा नाही.

परत आली. चौकट आलीच होती. टायमावर पोचली.

आत्याबाईनं नुसतं लेकराचं टोपडं सोडलं, घडी करून ठेवलं. ते टोचलं. रोज बोलतेत ते बरं.

२ डिसेंबर, रविवार
सोपान दोनदा शिंकला. दोनदाच. मी त्याच्या छातीले कान लावला तं पेटीच्या घरघरीत काई ऐकूच येईना. पेटीवर गोधडी टाकली. पेटी अजूनच वरडाले लागली. गोधडी काढली.

दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हने, पोरी, डबड्याचा अन् डोसाचा काय संबंध हाये सांग. मी म्हनली, संबंध कोन म्हनते? त्या म्हने, कोनीच नाही म्हनत, तूच म्हनते.

मंग त्याईनं आपलं सांगतलं. सहदेव, म्हंजे आमचे हे, तान्हे होते तवा देवीच्या लशीवाले आले गावात. आत्याबाई लेकराले घेऊन कापसाच्या गंजीत घुसल्या. वरून कापूस ओढून घेतला. लशीवाले सारं घर हुडकून अंगनात बसले, चहा पेले. निघतच होते तं लेकरू शिंकलं गंजीत. फटफट शिंकत राह्यलं. दोघायले ओढून काढलं, अंगावर सारा कापूस. मामाजी दोन दिवस घरात बोलले नाही. लशीवाल्यानं लेकराची टोचली ते टोचली, रागारागात आत्याबाईची बी टोचली. दंडावरची खून दाखवली मले.

म्हने, तू तं कापसात बी नाही गेली. डबड्यामांगं लपली.

मी म्हनली, मी कोठं लपली? मी काई भेत नाही आत्याबाई.

त्या म्हने, बरं. तांदळातले खडे काढ.

ठरवलं: ५ तारीख. बुधवार. आता कोनी काई म्हनो.

४ डिसेंबर, मंगळवार
गावची लाईनची डीपी जळली. सकाळीच धडाका झाला. वायरमन म्हने सामान मेहकरहून येईन तवा लाईन.

सारं बंद करून पेटी इन्व्हर्टरवर ठेवली. दुपारी बॅटरी कुईं कुईं कराले लागली. आत्याबाईनं तिच्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् लेकरू घेऊन ओट्यावर जाऊन बसल्या. मी बॅटरीवर हात ठेवून उभी. काय उपेग.

ठक्कन आवाज झाला अन् पेटी गेली.

वास घेऊन पाह्यला. जळल्याचा नाही. हात लावून पाह्यला. कोमट.

घर असं गप्प झालं की मले घरच ओळखू येईना. अन् मंग त्या पोरीचा खोकला. साफ ऐकू आला, भिंतीतूनच येऊन राह्यल्यावानी. लय दम लागला होता तिले. मी मोजत नव्हती, पन किती येळ तिचा श्वास परत आलाच नाही. मंग आला.

ओट्यावर जाऊन सोपानले आत्याबाईच्या मांडीवरून घेतलं. त्या म्हने, उद्या मी येऊ का संगं? मी म्हनली, काई गरज नाही. मंग म्हनली, याचं असन तं या.

५ डिसेंबर, बुधवार. दुपारी
झाला डोस.

केसरबाई गावभर सांगून राह्यली की कोकिळा चक्कर येऊन पडली. असं काई झालं नाही. सिस्टरनं सुई भरली तवा मी खाली बसली, पाय दुखले म्हनून. मंग जराशी लवंडली. सतरंजी होतीच. उठली तवा सारं झालं होतं. सोपान आत्याबाईच्या खांद्यावर होता, एकडाव केकाटला म्हने, अन् मंग सिस्टरचा पेन धरून ओढत बसला.

सिस्टरनं माह्या तोंडावर पानी मारलं. म्हने, लेकराले सुई देली मी, तुले नाही देली वं. साऱ्या बाया हासल्या. मी बी हासली, उगीच.

कागदाच्या पुडीत गोळी देली. ताप आला तं चौथा हिस्सा चुरून पाजाची.

संध्याकाळ
लाईन आली. पेटीचं बटन आत्याबाईनंच दाबलं, मले इचारलं बी नाही. चालू झाली. पत्रिका साऱ्या जागच्या जागी, बिचारे नवरदेव-नवऱ्या तशेच. चौकट नाही आली. किती येळ मी वाट पाहत बसली, नाहीच आली. घरघर बी पहिल्यासारखी नाही, एकदम हळू. मंग आत्याबाईनं मालिका लावली अन् पेटी बंद करून टाकली.

सोपानच्या आंगाले किती डाव हात लावला. थंड. मांडीले जराशी गाठ, बाकी काई नाही. पाय आपटत पडला हाये.

ताप मले आला. अंग फनफनलं, दात वाजून राह्यले. आत्याबाईनं दोन गोधड्या टाकल्या. पुडीतली गोळी काढली, चमच्यात चुरली, पान्यात कालवली, माही हनुवटी धरून पाजली. म्हने, थुकू नको. पदरानं माहं तोंड पुसलं.

सोपान बाजूले पडल्या पडल्या पाहून राह्यला होता माह्याकडं. काय बाई, आई काऊन रडून राह्यली म्हनत असन.