खाडीत काढलेली धावपट्टी

हिंगोली,
१४ ऑगस्ट २००४

चि. मुकुल यास व्यंकटमामाचे अनेक आशीर्वाद. थंडीने तुझे कान दुखतात असे मागे लिहिले होतेस. आता तिकडे उन्हाळा असल्याने ती तक्रार मिटली असेल असे गृहीत धरतो. इकडे सर्व कुशल. माझी प्रकृती उत्तम, कारण मी वेळेवर जेवतो.

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. एक : तुझी खाण उत्तर ध्रुवाकडच्या ज्या किनाऱ्यावर आहे तिथे रस्ता नाही. दोन : जहाज फक्त ऑगस्ट-सप्टेंबरात येते आणि वर्षाचे डिझेल, तांदूळ व टपाल उतरवून जाते. तीन : एरवी ये-जा विमानाने. चार : अनुश्रीचे लग्न वसमतला २ डिसेंबरला, तुळशीचे लग्न आटोपताच, मी ठरवले. पाच : पत्रिका छापून झाल्या. सहा : त्या दिवशी तू येऊच शकत नाहीस, आणि हे मला (एकतीस वर्षे महाविद्यालयात भूगोल शिकवलेल्या माणसाला) मागच्या मंगळवारी हळद घेऊन आलेल्या हिरासिंगने दाखवून दिले.

मार्चच्या पत्रासोबत तू हाताने काढलेला नकाशा पाठवला होतास. त्यावर उत्तर दिशेचा बाण नव्हता, प्रमाण नव्हते, आणि धावपट्टी तू चक्क खाडीच्या निळ्या रंगात काढली होतीस. मी लाल शाईने ‘धावपट्टी जमिनीवर असते’ असा शेरा मारला, दहापैकी चार गुण दिले (चारही हस्ताक्षराचे) आणि निर्धास्तपणे मुहूर्त काढला. समुद्र गोठला तरी आकाश गोठत नाही, असे वरपक्षाला ऐकवलेही. ते हळदीचे आडते. त्यांनी आदराने माना डोलावल्या.

हिरासिंग कळमनुरीकडच्या तांड्यावरचा. दरवर्षी तुझ्या आईला घरची हळद आणून देतो. ताई आत डबा शोधत होती, तोवर तो माझ्या टेबलावरचा नकाशा न्याहाळत उभा राहिला. त्याला अक्षर येत नाही. निळे काय, म्हणून विचारले, पाणी, म्हणालो. मग विमान पाण्यावर काहून उतरून राहिले, असे त्याने विचारले. विद्यार्थ्याची चूक, असे मी सांगितले. तो हळूच म्हणाला, “पोरगं तिथंच राहून राहिलं न्हवं, सर? मंग त्याला ठाव असंल. पानी थिजंस्तोर थांबावं लागत असंल. आमचे आजे-पणजे बी बैल घेऊन नदी उतरंस्तोर चार-चार महिने बसत व्हते.”

मी त्याला चहा थंड होत असल्याची आठवण करून दिली. तो गेल्यावर तुझे पत्र पुन्हा वाचले. तिसऱ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिले आहे : खाडीवरचे बर्फ जानेवारीपर्यंत विमान पेलत नाही, ऑक्टोबरपासून तोवर कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. (हे वाक्य मी वाचले होते. नकाशाला चार दिल्यावर मजकुराला जास्त देणे मला पटले नव्हते.) शेवटच्या जहाजाने निघालास तर परत जायला जानेवारी, सुटी सहा आठवड्यांची, म्हणजे नोकरी गेली.

ताई म्हणाली, कानपिळीला भाऊच लागतो असे कुठे आहे, मामा पिळेल जावयाचा कान. मी तयार होतो. पण अनुश्रीने शांतपणे सांगितले की बाबा नाहीत ते नाहीत. दादा नसेल तर ती बोहल्यावर चढणार नाही. ती माझी भाची असल्याने तिच्याशी वाद घातला नाही.

वसमतला जाऊन तारीख वैशाखावर नेली. व्याह्यांनी तक्रार केली नाही. आकाश गोठले का, एवढेच विचारले.

या आठवड्यात एक गोष्ट मनातून जात नाही. आपल्या घरात चार पिढ्या लेखणीवर जगल्या. वाट बंद असते हे आपल्याला कागदावरून कळते, आणि कागद नीट वाचला नाही तर तेही कळत नाही. हिरासिंगच्या घराण्याला ते थांबून-थांबून कळले. पण पाणी ओसरले की ती माणसे बैलांवर गोणी लादून निघत. काल ताईने मला विचारले, जानेवारीत वाट उघडेल, पण तो निघेल का? तीन वर्षे तू ‘पुढच्या वर्षी नक्की’ लिहितो आहेस.

तुझा,
व्यंकटमामा

ता. क. : हे पत्र व हिरासिंगच्या हळदीची पुडी शेवटच्या जहाजात पडावी म्हणून आजच रवाना करत आहे. पुडी ओलीपासून जपावी.

ता. क. दोन : वसमतला मी चूक तुझ्या नकाशाची असल्याचे सांगितले. त्या क्षणी दुसरे सुचले नाही. नकाशा बरोबर आहे. शेरा खोडून नऊ गुण केले आहेत (बाणाचा एक कापला). हिरासिंगला मात्र अजून काही बोललो नाही. ते मला जमवावे लागेल.

ता. क. तीन : नव्या पत्रिका छापायला दिलेल्या नाहीत. रविवारच्या फोनवर तू आईला सगळ्यालाच हो म्हणतोस. ते मी धरत नाही. बर्फावरून उठणाऱ्या पहिल्या विमानाने, स्वतःच्या हाताने पत्र लिहून पाठव. ते माझ्या हाती पडले की बर्फाने विमान पेलले हे सिद्ध होईल. आत ‘निघतो’ हा शब्द असेल तरच मी छापखान्याची पायरी चढेन. उत्तर लेखीच हवे.