घशातला सांधा

१० जून

ती. ताईस धाकटीचा सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. उचलून बोलू काय, कपाळ? पित्ताशयाच्या ऑपरेशनला घशात नळी घातली, तेव्हापासून आवाजाच्या जागी नुसती हवा. पाणी प्यायलं की ठसका. तिथले डॉक्टर म्हणाले, शीर दुखावली असेल, सहा महिने वाट बघा. वाट बघून भाजी खपते का? गाळ्यावर पाटीवर भाव लिहून बसते. मी खेकसत नाही म्हणून ह्यांना जेवण जात नाही.

काल दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून कॅमेरा घालून बघितलं. मानेत सुई टोचून शीर तपासली, ती शाबूत आहे. स्वरयंत्रातला इवलासा सांधा निखळलाय म्हणाल्या. लवकर बसवला तर बसेल, नाहीतर तसाच आखडेल. पण त्यासाठी पुन्हा घशात अवजार! मी हात जोडले नि घरी आले.

लोभ आहेच, तो पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

१४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, लहानपणी झोक्यावरून पडून खांदा निखळला, तो मार बसेल म्हणून चार दिवस लपवलास. मग बसवताना सगळी गल्ली गोळा केलीस. आता घशाचंही तेच करणार? मुकाट्याने जा. मेहुण्यांना वेगळं पत्र टाकलंय, तुला धरून नेतील.

तब्येतीला जप.
तुझी ताई

२३ जून

ती. ताईस सा. न.

गेले एकदाची. घसा बधिर केला, तोंडातून वाकडी सळई घातली नि बाईंनी सांधा हळूच ढकलला. मग म्हणाल्या, ई म्हणा. मी म्हटलं, आधी ती सळई बाहेर काढा! खरखरीत, पण आवाज! बाहेर बाकावर बसलेल्या ह्यांनी ते ऐकलं नि डोळ्यांना रुमाल लावला. वर तोंड करून नर्सला सांगतात, हीच ती, आमचीच.

आता रोज आवाजाचे व्यायाम आहेत. ओरडायचं नाही अशी ताकीद आहे, ती मी घरापुरती मोडते.

गाळ्यावर मात्र अजून मुकीच आहे. पाटीशी कुणी घासाघीस करत नाही गं! बाजारात कुणाला सांगू नकोस.

रविवारी फोन करते, कान जवळ धरू नकोस. माया अशीच राहू दे.
तुझी धाकटी